उसाच्या मुळाशी कोण राहतं?

(या भागाचं लेखी रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय. फक्त अडखळणं आणि मागून जाणारा ट्रॅक्टर काढून टाकलाय.)

हेडफोन घातले असतील तर आवाज जरा कमी करा. मी वर्गात शिकवणारी बाई आहे, समोर माईक असला तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असंच बोलते.

मला सांगितलंय की झाडं आणि बुरशी यांच्या भागीदारीवर बोला, आणि त्यात करिअर कसं असतं तेही सांगा. सुरुवात एका पुड्यापासून करते.

२०११ सालचा जुलै. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय मायकोरायझा. म्हणजे झाडाच्या मुळात राहणारी बुरशी. आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. अण्णांची आडसाली उसाची लागण चालली होती. मी कृषी सेवा केंद्रातून मायकोरायझाची पावडर आणली आणि अण्णांच्या मागे लागले: वीस गुंठ्यांत ही टाकायची, शेजारच्या वीस गुंठ्यांत नाही. बाकी खत, पाणी, बेणं, सगळं सारखं. अण्णा म्हणाले, टाक बाई, शिकलीयस तर.

आडसाली ऊस म्हणजे दीड वर्ष वाट बघणं. तोड झाली तेव्हा अण्णांनी दोन्ही तुकड्यांच्या ट्रॉल्या वेगळ्या भरायला लावल्या, कारखान्याच्या काट्यावरच्या पावत्या वेगळ्या ठेवल्या. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा त्यांनी दोन्ही पावत्या माझ्या ताटाशेजारी ठेवल्या. बेरीज जवळपास तीच. अण्णा म्हणाले, “तुझ्या बुरशीनं पगार घेतला, पण काम काय केलं न्हाई.”

तेव्हा मला राग आला होता. पण खरं सांगू का, माझ्या पुढच्या सगळ्या कामाचा प्रश्न त्या वाक्यात होता. बुरशीला पगार कोण देतं? कधी देतं? आणि काम नसेल तर पगार थांबतो का?

आधी थोडं मागे जाते. १८८५ साली जर्मनीत आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं ‘मायकोरायझा’ हा शब्द काढला. सरळ अर्थ, कवकमूळ. गंमत म्हणजे त्याला काम दिलं होतं ट्रफलचं. ट्रफल ही जमिनीखाली उगवणारी महागडी खाण्याची बुरशी. प्रशियाच्या सरकारला ती पिकवायची होती. ते बाजूला राहिलं आणि फ्रांकच्या लक्षात आलं की झाडांच्या बारीक मुळांवर बुरशीचं आवरण आहे आणि झाडं तरी ठणठणीत आहेत. बुरशी म्हणजे रोग, असंच तेव्हा सगळे मानत. फ्रांक म्हणाला, इथे उलटं दिसतंय, ही बुरशी झाडाला पोसायला मदत करतेय. त्याला बरीच वर्षं विरोध झाला.

आपल्याकडच्या पिकांत जो प्रकार असतो तो वेगळा. त्याला आर्बस्क्युलर म्हणतात. ती बुरशी मुळाच्या पेशीत शिरते आणि आत एक इवलंसं झाड उभं करते, फांद्यांना फांद्या फुटलेलं. देवाणघेवाण होते ती तिथे. ऊस, ज्वारी, मका, सोयाबीन, हळद, आलं, कांदा, सगळ्यांच्या मुळात ही असते. मोहरी आणि कोबीच्या कुळात मात्र नाही. जगातल्या ७० ते ८० टक्के वनस्पतींशी या गटाचा संबंध आहे. आणि जुना किती? स्कॉटलंडमधल्या रायनी गावच्या दगडांत सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती सापडल्यात, त्यांच्या पेशींत हीच इवली झाडं दिसतात. तेव्हा वनस्पतींना धड मुळंसुद्धा नव्हती!

व्यवहार काय आहे? स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, जमिनीत हलत नाही. आपल्या काळ्या जमिनीत तो चुन्याला धरून बसतो, आणि वर डोंगरातल्या तांबड्या जमिनीत लोह-ॲल्युमिनियमला. मूळ आपल्याभोवतीचे काही मिलिमीटर चाटून पुसून खातं आणि मग उपाशी राहतं. बुरशीचा धागा केसापेक्षा कितीतरी बारीक, तो त्याच्या पलीकडे जातो, स्फुरद गोळा करून आणतो. बदल्यात झाड त्याला साखर आणि चरबी देतं. झाडानं उन्हात बनवलेल्या अन्नापैकी ४ ते २० टक्के वाटा या बुरशीकडे जातो असा अंदाज आहे. विचार करा, कारखान्याला जायच्या आधीच उसाची थोडी साखर जमिनीखाली गेलेली असते.

आता हा पगार फुकट मिळतो का? इथे मला टोबी किअर्स यांच्याबद्दल सांगायचंय. सध्या ॲमस्टरडॅमच्या फ्रेये विद्यापीठात असतात. पदवी शिकत असतानाच त्या पनामाच्या जंगलात गेल्या आणि तिथल्या मायकोरायझावर काम केलं. पुढे पीएचडीला कॅलिफोर्नियात सोयाबीन घेतलं. सोयाबीनच्या मुळावर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नत्र बांधून झाडाला देतात, हे तुम्ही शाळेत शिकलाय. २००३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात त्यांनी काय केलं, तर काही गाठींभोवतीच्या हवेतला नत्र काढून त्याजागी आर्गॉन भरला. जिवाणू आहेत, पण बांधायला नत्रच नाही, म्हणजे काम शून्य. झाडानं त्या गाठींचं प्राणवायूचं रेशन तोडलं. आत जिवाणूंची वाढ खुंटली.

मग २०११ साली, ज्या वर्षी मी पुडा आणला त्याच वर्षी, त्यांच्या गटाचा पेपर ‘सायन्स’मध्ये आला. या वेळी बुरशी. एकाच झाडाच्या मुळांवर जास्त स्फुरद देणारी बुरशी आणि कंजूष बुरशी. झाड जास्त देणारीकडे जास्त साखर पाठवतं. आणि उलट बाजूनंही तेच, जे मूळ जास्त साखर देतं त्याला बुरशी जास्त स्फुरद देते. २०१९ मध्ये त्यांनी स्फुरदाला चमकणारे सूक्ष्म कण चिकटवून त्याचा माग काढला. बुरशी स्फुरद जिथे मुबलक आहे तिथून उचलते आणि जिथे टंचाई आहे त्या बाजूला नेते, कारण तिथे त्याच स्फुरदाच्या बदल्यात जास्त साखर मिळते.

हे मी कराडच्या पोरांना वर्गात सांगते तेव्हा समजवावं लागत नाही. गुळाची गाडी कुठल्या पेठेत न्यायची हे दर बघून ठरतं. ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा ते दर आणि काटा बघून ठरतं. फक्त एक लक्षात ठेवा, बुरशी काही मनात हिशोब करत नाही. रसायनांच्या देवघेवीतून तसं घडतं, आणि आपल्याला ते बाजारासारखं दिसतं.

आता अण्णांचं रान बघा. दर लागणीला डीएपीची पोती. डीएपीत ४६ टक्के स्फुरद. आमच्या घरी वर्षानुवर्षं ‘जमिनीला कमी पडायला नको’ म्हणून थोडं जास्तच. उसाला स्फुरद आयता मुळाशी मिळतोय. मग तो बुरशीला साखर कशाला देईल? झाड नवीन धाग्यांना आत घेणंच कमी करतं. मी ज्या रानात पुडा टाकला तिथे नोकरीची जागाच नव्हती.

पण थांबा. हे उत्तर मी बरीच वर्षं सगळ्यांना ऐटीत सांगायचे, आणि ते अर्धंच आहे. कारण नंतर मी त्याच पावडरीचा उरलेला पुडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यात बीजाणू शोधून सापडेनात. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, बशीत वाढवता येत नाही, तिला कुंडीत ज्वारीच्या मुळावर पोसावं लागतं. त्यामुळे चांगला माल बनवणं अवघड, आणि पुडा दुकानात उन्हात किती महिने पडलाय ते कोण बघणार? तर बुरशीला काम नव्हतं, की बुरशी आधीच मेलेली होती? माझ्या प्रयोगावरून सांगताच येत नाही. एक तुकडा इकडे, एक तुकडा तिकडे, याला प्रयोग म्हणत नाहीत. किमान चार-पाच वेळा आलटून पालटून तुकडे पाडायला हवे होते. दीड वर्ष अण्णांचं आणि माझं गेलं ते हे शिकण्यात.

मग मी पहिल्यापासून सुरू केलं. आगाशिवच्या उतारावरची माती आणली, आमच्या रानातली घेतली. पद्धत अगदी साधी आहे, १९६३ सालची, गर्डेमन आणि निकोल्सन यांची. माती बादलीत कालवायची, जड कण खाली बसू द्यायचे, वरचं पाणी एकाखाली एक ठेवलेल्या बारीक बारीक चाळण्यांतून ओतायचं. शेवटच्या चाळणीवर जे राहतं ते गाळण कागदावर घेऊन बघायचं. पिवळे, तपकिरी, पांढरे मोती! पहिल्यांदा दिसले तेव्हा मी लॅबमधल्या मावशींना हाक मारून दाखवले. त्या म्हणाल्या, राजगिरा दिसतोय.

मोती दिसणं सोपं, नाव देणं अवघड. तिथे मला गोव्याचा आधार मिळाला. गोवा विद्यापीठात प्रा. बी. एफ. रॉड्रिग्स यांनी अनेक वर्षं या बुरशींवर काम केलंय, लोहखनिजाच्या खाणींनी उघड्या पडलेल्या जमिनींवरसुद्धा. त्यांनी आणि टी. मुथुकुमार यांनी २००९ साली ओळख पटवण्याची पुस्तिका काढली. तिची झेरॉक्स माझ्याकडे अजून आहे, हळदीच्या डागांसकट.

मुळं बघायची तर रंगवावी लागतात. नेहमीचा निळा रंग महाग आणि तब्येतीला वाईट. १९९८ साली एक पद्धत आली, फाउंटन पेनची शाई आणि व्हिनेगर. मुळं आधी पोटॅशच्या द्रावणात उकळून पारदर्शक करायची (हे मात्र लॅबमध्ये, सरांच्या समोरच), मग शाई घातलेल्या व्हिनेगरमध्ये तीन मिनिटं उकळायची. बुरशी रंगते, मूळ फिकट राहतं. आगाशिवच्या गवताची मुळं गच्च रंगली. अण्णांच्या उसाच्या मुळात कुठेतरी एखादी रेघ.

करिअरचं विचारलंय, तर हे थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं सुख कमी आहे. पीएचडीच्या प्रबंधात माझं एक अख्खं प्रकरण ‘फरक आढळला नाही’ असं होतं. पेपर दोनदा परत आला. सेट पास होऊनही बरीच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, म्हणजे तासाला पैसे आणि सुट्टीत शून्य. लग्नाच्या बोलण्यांत “मुलगी काय करते?” याला “बुरशीवर संशोधन” असं उत्तर दिलं की समोरचे चहा खाली ठेवायचे. हे सगळं माहीत असून तुम्हाला यायचं असेल तर या. माती आपल्याकडे आहे, चाळण्या स्वस्त आहेत, आणि बघणारे कमी आहेत.

आणखी एक, कारण मला आठवड्याला एकदा तरी ती रील येते. ‘झाडं जमिनीखालून एकमेकांशी बोलतात, आई झाड पिल्लांना दूध पाजतं.’ याचं मूळ १९९७ चा सुझान सिमार्ड यांचा पेपर. कॅनडात बर्च आणि डग्लस फर या झाडांमध्ये कार्बन इकडून तिकडे गेल्याचं त्यांनी मोजलं. चांगलं काम आहे. पण २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी सगळे पुरावे तपासून लिहिलं की जंगलात हे सर्रास घडतं असं म्हणायला पुरावा अपुरा आहे. यातल्या मेलनी जोन्स १९९७ च्या पेपरच्या सहलेखिका होत्या. आपल्याच कामावर उभ्या राहिलेल्या गोष्टीला त्या म्हणाल्या, जरा थांबा. माझ्या दृष्टीनं या विषयातली सगळ्यात मोठी बातमी ती आहे, पण तिची रील कुणी बनवत नाही. शिवाय तिथल्या झाडांची बुरशी वेगळ्या प्रकारची. आपल्या सह्याद्रीत बहुतेक झाडांची आर्बस्क्युलर. तिथलं इथे चिकटवू नका.

किअर्स यांनी २०२१ मध्ये काही सहकाऱ्यांबरोबर एक संस्था सुरू केली, जगभरच्या या बुरशींचा नकाशा करायला. २०२५ मध्ये नकाशा आला. जिथे या बुरशींची विविधता सगळ्यात जास्त असावी अशा जागांपैकी १० टक्क्यांहून कमी जागा संरक्षित क्षेत्रांत येतात. आपण वाघासाठी कोयना-चांदोलीला कुंपण घालतो, ते बरोबरच आहे. पण मातीतलं हे गणित कुंपण आखताना कुणी बघितलेलं नसतं.

तर अण्णा. मी शेवटी आमच्या रानाचं माती परीक्षण करून आणलं. स्फुरदाच्या रकान्यात ‘खूप जास्त’. कागद दाखवला. अण्णा म्हणाले, कागदावर ऊस येत नाही. बरेच दिवस वाद झाला. मग एका लागणीला त्यांनी बांधाकडेचे चार गुंठे दिले, फक्त चार, तिथे डीएपी टाकायचं नाही. पुडाही टाकला नाही या वेळी. जमिनीत जी बुरशी शिल्लक असेल ती. वर्षभरानं मुळं उपटून रंगवली तर पूर्वीपेक्षा जास्त निळी होती, आगाशिवएवढी नाही. वजन कमी आलं नाही. तेही बुरशीमुळेच असं मी म्हणणार नाही, जमिनीत साठलेला स्फुरदच अजून पुरत असेल. तुमच्या रानात असं करायचं तर आधी परीक्षण करा, माझं ऐकून पोती बंद करू नका.

परवा अण्णांचा फोन आला. खोडवा फुटलाय म्हणाले, पाऊस बरा आहे, आईचा गुडघा दुखतोय. ठेवता ठेवता म्हणाले, “त्या चार गुंठ्यांच्या पलीकडचे अजून सहा धर. पण पावत्या मी ठेवणार.”

पुढच्या भागात भेटू. तोवर कुणाकडे जुना शाईचा पेन असेल तर शाई फेकू नका.