चरणसेवा : पाऊल गमावण्यापूर्वीची

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आजच्या भाषणासाठी निवडलेला विषय काहींना फार साधा वाटेल. विषय आहे पायाचा. मस्तकाला मुकुट मिळतो, कंठाला हार मिळतो. पायाच्या वाट्याला मात्र धूळ, काटे आणि दुर्लक्ष येते. वास्तविक देहाचा संपूर्ण भार हे पाय जन्मभर निमूटपणे वाहतात. ते जोवर चालतात तोवर त्यांची कोणी विचारपूस करीत नाही आणि विचारपूस सुरू होते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

नागपूरच्या श्रोत्यांना या विषयाचा धडा शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. येथून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या सेवाग्राममध्ये १९३९ साली परचुरे शास्त्री नावाचे एक संस्कृत पंडित आले. त्यांना कुष्ठरोग झालेला होता. येरवड्याच्या कारावासापासून गांधीजींची आणि त्यांची ओळख होती. त्या काळी या रोगाच्या नावानेही माणसे दाराआड होत. गांधीजींनी मात्र त्यांना आश्रमात ठेवून घेतले, आपल्या झोपडीजवळ त्यांची सोय केली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश केले. त्या मालिशने रोग बरा होणार नव्हता. परंतु ज्या देहाला कोणी शिवत नव्हते, त्या देहाला मानवी हाताचा स्पर्श मिळाला. मालिश म्हणजे काय, त्याचे मोल किती आणि मर्यादा किती, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर या एका प्रसंगात आहे.

वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ सालीच कुष्ठरुग्णांची सेवा आरंभिली होती. पुढे १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि त्यातून आनंदवन उभे राहिले. १९५१ मध्ये वर्धा येथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे कार्य सुरू झाले. विदर्भाच्या भूमीने कुष्ठरुग्णांच्या सेवेत जे कार्य केले, ते देशात अग्रगण्य ठरले. आजच्या मधुमेही माणसाच्या पायाचे रक्षण कसे करावे, याचे पुष्कळसे ज्ञान कुष्ठरुग्णांच्या पायांनीच वैद्यकशास्त्राला दिले आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, मांस कुजते, अशी पूर्वी सार्वत्रिक समजूत होती. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद आले. तमिळनाडूच्या डोंगराळ भागातच जन्मलेल्या या डॉक्टरांनी रुग्णांच्या हातापायांचे बारकाईने निरीक्षण केले. रोगाने मज्जातंतू निकामी होतात आणि वेदनेची जाणीव जाते. त्यामुळे चटका बसला, खडा रुतला, चप्पल चावली, तरी माणूस तसाच चालत राहतो, असे त्यांना दिसून आले. पाऊल रोगाने जेवढे नष्ट होत नाही, तेवढे अशा लहानसहान इजांनी, त्या कळत नसल्यामुळे, नष्ट होते. वेदना ही शत्रू नसून राखणदार आहे, हा त्या निरीक्षणाचा मथितार्थ होय.

हेच डॉ. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी वापरलेली उपाययोजना मधुमेही रुग्णांसाठीही लागू केली. कारण उघड होते. दीर्घकाळच्या मधुमेहातही पायांचे मज्जातंतू मंदावतात. प्रथम मुंग्या येतात, आग होते, आणि मग एक दिवस सारे शांत होते. घरची मंडळी म्हणतात, 'पायाचा त्रास गेला.' खरे पाहता त्रास गेलेला नसतो. राखणदार झोपी गेलेला असतो.

गांधीबाग आणि इतवारीच्या कापड बाजारातील बंधूंना हा विषय त्यांच्याच भाषेत सांगता येईल. एखादा तागा वर्षानुवर्षे त्याच घडीवर ठेवला, तर कापड सर्वप्रथम त्या घडीच्या रेषेवर विरते. बाकी पन्हा कोरा करकरीत असतो, पण घडी उलगडताच तेथे फाट दिसते. जाणता व्यापारी म्हणून अधूनमधून घडी बदलतो. तळपायाचेही तसेच आहे. निरोगी माणूस नकळत भार या बाजूवरून त्या बाजूवर नेतो, कारण दुखू लागताच पाय सूचना देतो. बधिर पायाला ती सूचना मिळत नाही. अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या गादीवर, टाचेवर भार पडत राहतो, तेथे घट्टा धरतो, घट्ट्याखाली रक्त साकळते आणि अखेरीस जखम वर येते. त्या जखमेवर मलम लावून पुन्हा त्याच पायावर चालत राहिले, तर ती भरणार कशी? म्हणून अशा जखमेचा पहिला उपचार म्हणजे तिच्यावरचा भार काढणे. त्यासाठी कधी विशेष प्लास्टर, कधी कुबड्या, कधी मऊ तळाचे पादत्राण वापरावे लागते. कुष्ठरुग्णांसाठी बनविलेली मऊ रबराची 'एमसीआर' चप्पल याच विचारातून आली. तिला खिळे नसतात आणि टाचेमागे पट्टा असतो, म्हणजे ती निसटू नये यासाठी बोटांनी धरून ठेवावी लागत नाही.

आता उपचारांचा विचार करू. पायाची निगा, भौतिकोपचार म्हणजेच फिजिओथेरपी आणि मालिश ही तीन कामे आज शहरांतील अनेक उपचार केंद्रांत एका छताखाली मिळतात. ही सोय स्वागतार्ह आहे. परंतु तिन्हींचा प्रांत निरनिराळा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

भौतिकोपचार हे प्रशिक्षणाचे शास्त्र आहे. सकाळी उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत कळ येते, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. बहुधा तळपायाच्या जाड पडद्याला आलेल्या ताणाचे ते लक्षण असते. पोटरी आणि तळपाय ताणण्याचे नियमित व्यायाम, योग्य पादत्राण आणि काही महिन्यांचे सातत्य एवढ्यावर बहुतेकांना आराम पडतो. गुडघ्याच्या दुखण्यातही मांडीचे स्नायू बळकट करण्याचा मोठा उपयोग होतो. महाराष्ट्रात या क्षेत्राची परंपरा जुनी आहे. पुनर्वसनाचीच शाखा असलेल्या व्यवसायोपचाराचे विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी सुरू केले. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही या विषयाचे शिक्षण मिळू लागले. तेव्हा व्यायाम सांगणारी व्यक्ती शिकलेली आहे की नाही, हे विचारण्यात संकोच मानू नये.

मालिश हे आपल्या घरांतील जुने सुख आहे. काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची रीत आजीच्या काळापासून चालत आली. त्याने थकवा उतरतो, झोप चांगली लागते, हे अनुभवाचे आहे. मात्र वाटी घासता घासता तळवा काळा पडतो, तो अंगातील उष्णता किंवा विष बाहेर पडल्यामुळे, ही समजूत बरोबर नाही. तेल, घाम आणि धातू यांच्या घर्षणाचा तो परिणाम असतो. मालिशने आराम मिळतो. मधुमेहाने गेलेली संवेदना परत येत नाही. शिवाय काही प्रसंगी मालिश टाळलेच पाहिजे. एकच पोटरी अकस्मात सुजली आणि दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तेथे चोळणे घातक ठरते. पायावर जखम असेल, किंवा न दुखता पाऊल लाल, गरम आणि सुजलेले असेल, तर तेल बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बधिर पायाला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक तर कधीही देऊ नये. शेक जास्त झाला, हे त्या पायाला कळतच नाही.

निगा राखण्याचे नियम थोडे आहेत आणि बिनखर्चाचे आहेत. मधुमेही व्यक्तीने रोज रात्री दोन्ही तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा, दृष्टी मंद असेल तर सुनेने किंवा नातवाने पाहावेत. पाय कोमट पाण्याने धुवावेत आणि पाणी किती गरम आहे हे पायाने न पाहता कोपराने पाहावे. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. टाचांना तेल किंवा मलम लावावे, बेचक्यांत लावू नये. कुष्ठरुग्णांना कोरड्या त्वचेसाठी पाय साध्या पाण्यात भिजविण्यास सांगतात. मधुमेहींनी मात्र पाय फार वेळ भिजवीत ठेवू नयेत. नखे सरळ कापावीत. घट्टा किंवा कुरूप ब्लेडने तासू नये, त्यावर औषधी पट्टीही परस्पर चिकटवू नये. जोडा घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा आहे का ते पाहावे. नवा जोडा संध्याकाळी घ्यावा, कारण तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. तंबाखू आणि धूम्रपान सोडावे, कारण त्याने पायाकडे जाणारा रक्तप्रवाह मंदावतो. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्यावी. त्या तपासणीत नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवितात. तो दहा ग्रॅम दाबाला वाकतो. डोळे मिटलेल्या माणसाला तो टेकल्याचे कळले नाही, तर राखणदार झोपला आहे असे समजावे.

येथे समाजाच्या नित्य आचाराशी एक गोष्ट जोडलेली आहे. मंदिरात अनवाणी जाणे हा विनय आहे आणि तो राहीलच. पण नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो. जोडे काढण्याच्या जागेपासून गाभाऱ्यापर्यंतची तापलेली फरशी बधिर तळव्याला भाजते, आणि फोड आल्याचे घरी गेल्यावर, कधी दोन दिवसांनी, कळते. त्या वाटेवर सावली आणि ओली काथ्याची चटई असावी, वृद्धांना स्वच्छ सुती मोजे घालून जाता यावे, ही व्यवस्था फार खर्चाची नाही. तसेच विहारात अनवाणी चालणाऱ्या साधू-साध्वींचे पाय भेगाळतात, भाजतात. त्यांच्या मर्यादा सांभाळून, विहाराची वेळ आणि वाटेतील मुक्काम नीट आखणे हे श्रावकांच्या हाती आहे. वैयावृत्त्याला अंतरंग तपात स्थान दिलेले आहे, ते उगीच नव्हे.

जयपूर फूटचे नाव सर्वांना परिचित आहे. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात रबराचे असे पाऊल घडविले की ते घालून माणूस उकिडवा बसू शकतो, मांडी घालू शकतो, चिखलातून अनवाणीही चालू शकतो. १९७५ मध्ये श्री. डी. आर. मेहता यांनी जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि ते पाऊल गोरगरिबांपर्यंत विनामूल्य पोचू लागले. देशभरातील जैन समाजाने या कार्याला उदारपणे हातभार लावला आहे. पाय गमावलेला माणूस पुन्हा उभा राहिलेला पाहण्यासारखे समाधान दुसरे नाही.

परंतु सुवर्णमहोत्सवी वर्षात एक प्रश्न स्वतःला विचारावा, हे उचित होईल. पाय गेल्यावर पाऊल देणारा दाता समाजाला दिसतो, त्याचे छायाचित्र निघते, नाव कोरले जाते. पाय जाऊ नये म्हणून नायलॉनचा तंतू टेकविणाऱ्याचे, मऊ चप्पल देणाऱ्याचे, फरशीवर चटई अंथरणाऱ्याचे नाव कोठेच येत नाही. कारण वाचलेला पाय इतर पायांसारखाच दिसतो. तरीही दोहोंत श्रेष्ठ दान कोणते, हे सांगावयास नको. न्यासाच्या प्रत्येक आरोग्य शिबिरात डोळे आणि रक्तदाब यांच्याबरोबर तळपायांचीही तपासणी व्हावी, आणि ज्यांची संवेदना मंदावली आहे त्यांना मऊ पादत्राण मिळावे, हा संकल्प या वर्षी सोडता येण्यासारखा आहे.

आजच रात्री, झोपण्यापूर्वी, घरातील वडीलधाऱ्यांचे पाय हाती घ्यावेत. नमस्कार तर सर्वच करतात. या वेळी तळवे उलटून दिव्याच्या उजेडात पाहावेत. घरोघरी एवढे घडले, तरी हा उत्सव सार्थकी लागला असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र.