पुसलेल्या फितीचा तपास

(गेल्या गणेशोत्सवात मंडळात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फलकावर विषय लागला तेव्हा एकदोघांनी विचारलं, "टीव्हीची जुनी मालिका दुरुस्त करतात म्हणजे नक्की काय करतात? आणि त्याचा आपल्या मंडळाशी संबंध काय?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर तंत्राचं आहे, ते जमेल तेवढं सोपं करून सांगू. दुसऱ्याचं उत्तर हा आमचा कबुलीजबाब आहे. बत्तीस वर्षं उशिरा देत आहोत, सांभाळून घ्या.

आम्ही म्हणजे मंडळातले चौघे. त्यांतले दोघे सख्खे भाऊ. गेल्या वर्षी गणपती बसायला जेमतेम दहा दिवस असताना विश्वामित्रीला पूर आला, तो तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. धोक्याची पातळी २५ फूट आणि नदी ३५ च्या वर. पाणी ओसरल्यावर रस्त्यारस्त्यावर गाद्या, फ्रिज, सोफे यांचे ढीग लागले होते. त्या ढिगांत आम्हाला जागोजागी काळ्या व्हीएचएस कॅसेटींच्या पिशव्या दिसल्या. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, मंडळाचे कार्यक्रम. भंगारवालासुद्धा हात लावत नव्हता. आम्ही त्या पिशव्या उचलून आणल्या आणि मंडळाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी बसायला लागलो. आमच्यातल्या एकाने डिप्लोमाला असताना व्हीसीआर खोलून जोडलेला होता, एवढंच काय ते भांडवल.

भिजलेली कॅसेट थेट मशीनमध्ये घालायची नसते, आणि उन्हात तर मुळीच वाळवायची नसते. चिखल सुकला की तो सँडपेपरसारखा फितीला आणि हेडला ओरबाडतो. आधी खोकं उघडून फितीची रिळं स्वच्छ पाण्याने धुवायची, सावलीत सावकाश वाळू द्यायची आणि दुसऱ्या, कोरड्या खोक्यात बसवायची. हे सगळं वाचून समजलं होतं, पण हात बसला नव्हता. कुणाच्या लग्नावर शिकायचं? म्हणून आम्ही भावांनी आपल्याच घराच्या माळ्यावरची एक कॅसेट प्रयोगाला आणली. वर वहीच्या कागदाची चिठ्ठी, आमच्याच अक्षरात 'ब्योमकेश'. बिघडली तरी बिघडू दे म्हटलं. ब्योमकेश काय, कुठेही मिळतो.

'ब्योमकेश बक्षी' आमच्या पिढीला सांगायला नको. बासू चटर्जींनी दूरदर्शनसाठी केलेली ही मालिका १९९३ मध्ये आली, दुसरं पर्व १९९७ मध्ये, मिळून ३४ भाग. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित, आणि सत्यवती आपल्या सुकन्या कुलकर्णी. धोतर नेसणारा, आवाज न चढवणारा, स्वतःला गुप्तहेर म्हणवून न घेता सत्यान्वेषी म्हणवणारा हा माणूस आम्हाला इतका आवडला की शाळेत आम्ही एकमेकांच्या डब्यांचा तपास करायचो. पुष्कळांना ठाऊक नसतं, की ब्योमकेशचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय १९५२ पासून पुण्यात राहत होते. पहिल्या काही कथा १९३२ ते १९३६ या काळात लिहून त्यांनी ब्योमकेशला रजा दिली होती. पंधराएक वर्षांनी तो पुन्हा लिहायला घेतला, आणि त्याच्या निम्म्याहून अधिक कथा त्यांच्या पुण्याच्या वास्तव्यातल्या आहेत. कलकत्त्यातले खून पुण्यात शिजत होते म्हणायचे.

ही मालिका पुढे डीव्हीडीवर आली, आणि मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदीत दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली तेव्हा आमच्या मुलांनीही पाहिली. आता जुनी मालिका अशी बाजारात आणायची तर काय करावं लागतं?

पहिलं काम तपासाचंच असतं. मूळ फीत कुठे आहे? प्रतीची प्रत, तिची प्रत असं करत गेलं की दर पिढीला चित्र पातळ होतं, ताकात पाणी घालावं तसं. म्हणून सगळ्यांत जुनी, संपादनाच्या टेबलावरून उतरलेली फीत शोधायची. ती मिळाली तरी चालेलच असं नाही. फितीवर लोहकण चिकटवून ठेवणारा जो डिंकासारखा थर असतो तो दमट हवेत पाणी शोषतो आणि चिकट होतो. अशी फीत चालवली तर तिचा लेप हेडवर उतरतो आणि चित्र कायमचं जातं. त्यावरचा उपाय ऐकून आमच्या घरी सगळे हसले होते. फीत भाजतात. म्हणजे ५०-५५ अंशांच्या कोरड्या उष्णतेत कित्येक तास ठेवतात. त्यानंतर थोडे दिवस ती चालते, तेवढ्यात उतरवून घ्यायची.

मग चांगल्या स्थितीतलं मशीन हवं. युमॅटिकची पाऊण इंची फीत असो की बीटाकॅमची अर्धा इंची, त्यांची मशीनं आता कुणी बनवत नाही. फितीपेक्षा मशीन आधी संपणार, अशी सगळीकडे परिस्थिती आहे. चित्र थरथरतं ते सावरायला टाइम बेस करेक्टर नावाचं उपकरण लागतं. फितीवरचा लेप जिथे उडाला असेल तिथे चित्रात पांढऱ्या रेघा चमकतात, त्या जागी आधीच्या किंवा नंतरच्या चौकटीतला तुकडा घेऊन ठिगळ लावतात. मग रंग, मग आवाजातली खरखर.

इथे आमचं एक मत ऐकून घ्या. जुन्या टीव्हीचं चित्र ६२५ रेषांचं, त्यातल्या ५७६ दिसणाऱ्या. बरोबर तेवढ्याच रेषा आपल्याकडच्या डीव्हीडीत मावतात. तेव्हा फितीवर चित्रित झालेल्या मालिकेचं खरं घर डीव्हीडीच. त्यापुढे 'एचडी केलं', 'फोर के केलं' अशी जाहिरात दिसली की समजावं, नसलेला तपशील संगणकाने मनाने भरला आहे. चेहरे मेणाचे होतात, धोतराच्या निऱ्या जातात, मागच्या भिंतीचे पोपडे इस्त्री केल्यासारखे सपाट होतात. आणि आजच्या रुंद पडद्यावर मावावं म्हणून वरखाली कापतात ते तर डोकी उडवण्याचंच काम. थोडी खरखर राहिली तरी चालेल, पण माणसांचे चेहरे माणसांचेच राहू द्यावेत.

फिल्मवर काढलेल्या मालिकेचं नशीब मात्र वेगळं. शेरलॉक होम्सचंच घ्या. जेरेमी ब्रेट यांची ग्रनाडाची मालिका १९८४ ते १९९४ अशी दहा वर्षं चालली, भाग ४१. ती फिल्मवर काढली होती. फिल्ममध्ये टीव्हीला दिसायचं त्याहून जास्त चित्र दडलेलं असतं, त्यामुळे ती निगेटिव्ह नव्याने स्कॅन करून ब्लू-रेसाठी स्वच्छ चित्र काढता येतं. त्याच होम्सची बीबीसीची १९६८ ची मालिका, पीटर कुशिंग यांची. भाग १६ केले होते, आज शिल्लक आहेत ६. बाकीचे चोरीला गेले नाहीत की जळाले नाहीत. ते पुसले गेले.

पुसले कुणी? तर कुणीतरी कारकुनाने, रीतसर, नियमाप्रमाणे. व्हिडिओ टेप महाग होती आणि तिचा मोठा गुण म्हणजे ती पुन्हा वापरता येत होती. आम्ही सरकारी कचेरीत काम करणारी माणसं, आम्हाला यात राक्षस दिसत नाही. कोणता कागद कायम ठेवायचा, कोणता पाच वर्षांनी काढायचा, याचे तक्ते आमच्याकडेही असतात. तक्ता करणाऱ्याला वाटलं, कालचा कार्यक्रम दाखवून झाला, आता त्याचं काय काम? कपाट रिकामं झालं, पैसे वाचले, सगळ्यांना बरं वाटलं.

आपल्या घरचं उदाहरण याहून बोचणारं आहे. चिं. वि. जोशी आपल्या बडोद्याचे. बडोदे कॉलेजात त्यांनी पाली शिकवली आणि पुढे संस्थानच्या राजदप्तराचं काम पाहिलं. जुना कागद कसा सांभाळायचा हे ज्याला पगारी काम म्हणून माहीत होतं, असा हा विनोदी लेखक. त्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ १९७० च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर आले. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. महाराष्ट्र त्या वेळी दिवाणखान्यात टीव्हीसमोर सतरंजी टाकून बसायचा, असं आमच्या मुंबईच्या आत्या सांगतात. मुंबईच्या मनोऱ्याची लहर बडोद्यापर्यंत पोचायची नाही, त्यामुळे बडोद्याच्या लेखकाचा चिमणराव बडोद्याला दिसला नाही. पुढे कधीतरी पाहू म्हणावं, तर त्या कृष्णधवल मालिकेचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भाग आज पाहायला मिळतात. दप्तरदाराच्याच मालिकेचं दप्तर अपुरं. आम्ही दूरदर्शनवर रागावून बसलो होतो. पुष्कळ दिवस, अगदी चवीने.

आता आमच्या प्रयोगाच्या कॅसेटकडे येऊ.

व्हीएचएस कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी कपची असते. ती तोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. जपून ठेवायची कॅसेट असेल तर माणसं ती कपची तोडून टाकायची. आमच्या ब्योमकेशच्या कॅसेटची कपची तोडलेली होती. आणि त्या भोकावर सेलोटेप लावलेला होता. पिवळा पडलेला, कडांना धूळ बसलेला. मशीनला फसवून पुन्हा रेकॉर्डिंग करण्याची ही युक्ती त्या काळी सगळ्या पोरांना ठाऊक होती. आमच्यातल्या दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि तेव्हाच सगळं आठवलं. वरची चिठ्ठी ओल्या कापसाने सोडवली. खाली दुसरी चिठ्ठी होती, निळ्या शाईत, आमच्या बाबांच्या अक्षरात: 'मंडळ नाटक, गणेशोत्सव १९८९'.

बाबा त्या वर्षी मंडळाचे चिटणीस होते. नाटक तीन अंकी, रहस्यमय, सगळे नट मंडळातलेच. त्याची प्रत एकच. १९९३ मध्ये आम्हा दोघांना ब्योमकेश टिपून ठेवायचा होता आणि कोरी कॅसेट मागायची हिंमत नव्हती. एकेक करत सहा भाग त्यावर चढवले. नंतर एकदा जेवताना बाबांनी विचारलं होतं, "नाटकाची कॅसेट कुणी नेली का रे?" आम्ही खाली मान घालून आमटी-भात खात राहिलो. ज्याच्या देशभर प्रती होत्या ते आम्ही जपलं, आणि ज्याची जगात एकच प्रत होती ते पुसलं. बीबीसीच्या कारकुनाकडे निदान तक्ता तरी होता.

सहावा भाग संपतो, पडद्यावर मुंग्या येतात, चित्र दोनदा उडी मारतं आणि रंगमंच दिसायला लागतो. कॅसेट तीन तासांची. शेवटची अकरा मिनिटं आमच्या तावडीतून सुटली होती.

रहस्यनाटकाची शेवटची अकरा मिनिटं, म्हणजे खुनी कोण ते कळतं. खून मात्र गेला. तो पहिल्या अंकाच्या शेवटी होता, आणि ज्यांचा खून होतो ते काका बारा वर्षांपूर्वी खरोखरच गेले. त्यांचं नाव घेत नाही, जुन्या सभासदांनी ओळखलं असेलच. आम्ही काकूंना बोलावलं तेव्हा आधीच सांगून टाकलं, की काका यात बहुतेक नाहीत, आणि ते का नाहीत. काकू म्हणाल्या, "दाखवा तर." नाटक संपलं, पडदा पडला, पुन्हा उघडला, सगळे नट रांगेत उभे. डावीकडून तिसरे काका. सदऱ्यावर लाल रंगाचा डाग तसाच, हात जोडलेले. चार सेकंद, मग कॅमेरा प्रेक्षकांकडे वळतो. काकू म्हणाल्या, "थांबव रे तिथे." मशीनवर थांबवलं की चित्र थरथरतं, ओळी फाटतात. म्हणून त्याच दुपारी तेवढा भाग काळजीपूर्वक उतरवला, थरथर काढली, आणि चित्र स्थिर झालं. चेहरा गुळगुळीत केला नाही. डागसुद्धा ठेवला. काकू बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्या सदऱ्याचा डाग शेवटपर्यंत निघाला नाही. रंग कसला आणलेला, विचारायचं राहिलं." आम्हाला त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आतापर्यंत एकशे चाळीसएक कॅसेटी आल्या, त्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त उतरल्या. काहींच्या फितीला कडेने पांढरी बुरशी धरली आहे, त्या वेगळ्या ठेवल्या आहेत; एका बुरशीवाल्या कॅसेटने मशीनचं हेड खराब केलं की पुढच्या दहा जणांच्या कॅसेटी बाधतात. आमच्याकडे दोन मशीनं होती, त्यातलं एक श्रावणात गेलं. दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ आहेत, ते दुसऱ्यासाठी पट्टा शोधताहेत. तेव्हा ज्यांच्या माळ्यावर कॅसेटी असतील त्यांनी दिवाळीच्या साफसफाईची वाट पाहू नये. वरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका, 'क्रिकेट' लिहिलेलीही आणा. आणि शेवटपर्यंत बघितल्याशिवाय पुसलेली समजू नका. विशेषतः १९८९ च्या नाटकाची दुसरी प्रत कुणी कधी करून घेतली असेल, तर आम्हाला कळवा. आम्ही घरी येऊन घेऊन जाऊ.

आमच्या कॅसेटवरचे ब्योमकेशचे सहा भाग कुणी मागू नयेत, ते आमचे नाहीत. ते दूरदर्शनचे आहेत आणि त्यांच्याकडे आमच्यापेक्षा चांगले आहेत. नाटकाची अकरा मिनिटं मात्र मंडळाची. खुनी कोण, हे आधी सांगणार नाही. तो आज या सभागृहात बसला आहे.

मागचे दोन दिवे कुणीतरी बंद करा.