खटला उभा राहतो तेव्हा आपण कुठे असतो?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या केंद्रात येणारी बाई हमखास विचारते, "ताई, अन्याय माझ्यावर झाला, मग कोर्टात माझा वकील का नाही?" तिला खरे उत्तर द्यायला हवे. फौजदारी खटला बाई विरुद्ध आरोपी असा नसतोच. तो सरकार विरुद्ध आरोपी असा असतो. तपास पोलिसांचा, वकील सरकारी आणि बाई साक्षीदार. म्हणून आरोपी कोर्टापुढे उभा राहीपर्यंतची वाट आपल्याला पाठ हवी.

वाट सुरू होते पोलीस ठाण्याच्या टेबलापाशी. "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर चालत नाही. फिर्याद कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, प्रत फुकट मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तसे लिहिलेच आहे. बलात्काराची फिर्याद न नोंदवणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षे शिक्षा होऊ शकते, हे ठाण्यात शांतपणे सांगा. फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय बाईला सही करू देऊ नका. वैद्यकीय तपासणी तिच्या संमतीनेच. 'दोन बोटांची तपासणी' सुप्रीम कोर्टाने २०१३ साली गैर ठरवली, २०२२ साली पुन्हा बजावले.

पुढे मॅजिस्ट्रेटपुढचा जबाब, पंचनामे आणि शेवटी आरोपपत्र. इथे तारखा मोजा. आरोपी कोठडीत असताना गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आले नाही, तर जामीन हा त्याचा हक्क होतो. मग आपण कोर्टाला शिव्या देतो, पण चूक तपासाची असते. सेशन्स कोर्टात आरोप निश्चित होतात, साक्षी होतात, उलटतपासणी होते. बलात्काराचा खटला बंद दाराआड चालतो. सरकारी वकिलाच्या मदतीला बाईने आपला वकील देण्याची परवानगी कोर्ट देऊ शकते. ती मागा.

आता अवघड मुद्द्याकडे येते. "खटला कशाला? गोळ्या घाला!" हे आपल्याही मोर्चात ऐकू येते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले. फिर्याद नोंदवायला पालकांना तासन्‌तास ठाण्यात बसावे लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्याच गोळीने मेला. पुष्कळांनी आनंद केला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या मॅजिस्ट्रेटच्या चौकशी अहवालात त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरले होते.

बायांनो, विचार करा. ज्या यंत्रणेने फिर्याद रखडवली, तिच्याच हातातल्या पिस्तुलाला आपण न्याय म्हणायचे? त्या माणसावरचा आरोप आता कोर्टात कधीच सिद्ध होणार नाही. तोच गुन्हेगार होता का, कोणी काय पाहिले, कोणी काय दडपले, हे त्याच्या खटल्यात साक्षीपुराव्याने तपासले गेले असते. ते दार बंद झाले.

आणि आपली चळवळ कशातून उभी राहिली ते आठवा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. आरोपी दोन पोलीस. सेशन्स कोर्टाने त्यांना सोडले, हायकोर्टाने शिक्षा दिली, १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती असा अर्थ काढला गेला. चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ साली खुले पत्र लिहिले, आपण रस्त्यावर आलो, १९८३ साली कायदा बदलला. तो निकाल आपण फाडून काढू शकलो, कारण तो कागदावर होता, त्याची कारणे दिलेली होती. बंदुकीच्या गोळीला कारणे विचारता येत नाहीत. शिवाय पोलिसांनीच निवाडे करायचे ठरले, तर ठाण्यातच अत्याचार झालेल्या बाईने जायचे कुठे?

आरोपीला वकील मिळावा, त्याची बाजू ऐकली जावी, हे आपणही म्हटले पाहिजे. तरच शिक्षा अपिलात टिकेल.

म्हणून प्रत्येक गटाने एक वही ठेवा. फिर्याद, आरोपपत्र, जामीन, साक्ष, प्रत्येकाची तारीख त्यात लिहा. आणि दर तारखेला निदान एक तरी बाई कोर्टाच्या दारात तिच्याबरोबर उभी असू द्या. साक्षीला आत ती एकटी जाते. बाहेर आल्यावर ओळखीचा चेहरा दिसावा, एवढे तरी आपल्या हातात आहे.