जाणे, येणे आणि विमानाचे तिकीट

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून विद्या, विवाह आणि व्यवसाय या विषयांवर आजवर पुष्कळ विद्वानांनी विचार मांडले आहेत. आम्ही मात्र आज विमानाच्या तिकिटाविषयी चार शब्द बोलणार आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या ज्ञातीत एके काळी काशीयात्रा करून आलेल्याच्या पाया पडावयास आळी लोटत असे, त्याच ज्ञातीतील कितीतरी घरांतील मुलेमुली आज परदेशी आहेत, आणि नातवंडाचे मुख पाहण्यासाठी साठी उलटलेले आजीआजोबा विमानात पाऊल टाकीत आहेत. तेव्हा हा विषय आता आपल्या घरचाच झाला आहे.

घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, हे आपण लहानपणीच शिकलो. जाण्यातच येणे गृहीत धरण्याची ही आपली रीत होय. म्हणूनच जाण्यायेण्याचे तिकीट एकदम हाती आले की आपल्या जिवास स्वस्थता वाटते. तथापि असे एकत्र तिकीट काढावे, की जाण्याचे एक व येण्याचे एक अशी दोन एकेरी तिकिटे काढावीत, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

आपल्याला सवय रेल्वेची. तेथे जाण्याचे आरक्षण वेगळे, येण्याचे वेगळे. जाण्याची गाडी चुकली तरी परतीच्या जागेस धक्का लागत नाही. विमानाचे एकत्र तिकीट हे मात्र साखळीप्रमाणे असते. पूर्वी कागदी तिकिटाच्या पुस्तिकेत प्रत्येक टप्प्याचे एकेक कूपन असे आणि ती कूपने क्रमानेच वापरावी लागत. २००८ साली विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कागदी तिकिटे बंद केली; पण क्रमाचा नियम अनेक कंपन्यांनी तसाच ठेवला. पहिला टप्पा न कळविता सोडला, तर पुढचे सारे टप्पे रद्द होतात.

हे ज्ञान आम्हांस दिल्लीच्या विमानतळावर प्राप्त झाले. २०१४ साली भाच्याच्या लग्नासाठी आम्ही उभयतांनी पुणे ते दिल्ली असे जाण्यायेण्याचे तिकीट काढले होते. ऐनवेळी नाशिकास जाणे पडले, आणि तेथूनच रेल्वेने दिल्ली गाठणे सोयीचे वाटले. जाण्याचे पैसे बुडाले तरी परतीचे तिकीट तर आहेच, अशा समजुतीने आम्ही निर्धास्त होतो. परत निघताना खिडकीवरील मुलीने नम्रपणे सांगितले, “काका, तुम्ही जाताना बसला नाहीत, म्हणून तुमची परतीची जागा रद्द झाली आहे.” नियम तिकिटाच्या अटींत छापलेला होता. आयुष्यभर मुलांना ‘प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा’ असे बजावणाऱ्या मास्तराने स्वतःच प्रश्न वाचला नव्हता!

आता भाड्याविषयी. एकत्र तिकीट नेहमी स्वस्त असते, असा समज आहे. तो परदेशच्या प्रवासात पुष्कळदा खरा ठरतो. मोठ्या कंपन्यांचे एकेरी भाडे जाण्यायेण्याच्या भाड्याच्या निम्म्याहून बरेच अधिक असू शकते. कधी कधी तर संपूर्ण भाड्याहूनही अधिक! याचे मूळ जुन्या व्यापारी हिशेबात आहे. सहलीला जाणारा मनुष्य भाडे पाहून बेत ठरवितो, तर कामासाठी जाणाऱ्यास जाणे भागच असते. म्हणून सवलतीचे तिकीट जाण्यायेण्याचे असावे आणि मध्ये शनिवारची रात्र परगावी काढलेली असावी, अशी अट कंपन्या घालीत. शनिवारी घरी परतू पाहणारा व्यापारी त्या सवलतीतून आपोआप गळत असे.

पुढे स्वस्त विमानांचे युग आले. इंग्लंडात १९९५ साली ईझीजेट आणि आपल्याकडे २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन सुरू झाली. अशा स्वस्त कंपन्यांच्या पद्धतीत प्रत्येक फेरीचे भाडे स्वतंत्र आकारले जाऊ लागले. त्यामुळे देशातल्या देशात दोन एकेरी तिकिटांची बेरीज बहुधा एकत्र तिकिटाइतकीच भरते. शिवाय सकाळी एका कंपनीने जावे आणि रात्री दुसरीने यावे, ही मोकळीक मिळते ती वेगळीच.

परंतु केवळ पैशांचा हिशेब सांगण्यासाठी आम्ही येथे उभे राहिलो नाही. २०१७ साली कन्येच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता अमेरिकेस गेलो. सर्वांत स्वस्त असे एकत्र तिकीट आम्हीच आग्रहाने काढावयास लाविले. परतीची तारीख पाच महिन्यांनंतरची होती आणि ती बदलण्याची सोय त्या तिकिटात नव्हती. चौथ्या महिन्यात गावाहून निरोप आला, की आमचे वडील बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, ते अत्यवस्थ आहेत. ज्या दादांनी स्वतःची शाळा सोडून किराणा दुकानात नोकरी धरली आणि आमची मॅट्रिकची फी भरली, ते दादा!

नवे एकेरी तिकीट पाहिले, तो दिवस नाताळच्या गर्दीचे. एकट्याचे भाडे पूर्वीच्या जाण्यायेण्याच्या भाड्याहूनही अधिक होते. दादांना उतार पडेल, आपली तारीख काही फार दूर नाही, अशा विचारात आम्ही दोन दिवस घालविले. तिसऱ्या दिवशी मुलीने आम्हांस न विचारताच तिकीट काढून हाती ठेविले. आम्ही घरी पोहोचलो तेव्हा अंगण धुतलेले होते आणि ओटीवर पणती जळत होती. तिकिटात वाचविलेले पैसे किती होते, ते आज आम्हांस आठवतही नाही. ते दोन दिवस मात्र विसरत नाहीत.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमचे सांगणे एवढेच आहे. तिकीट काढण्यापूर्वी ‘स्वस्त कोणते?’ हा प्रश्न दुसरा ठेवा. ‘परतीची तारीख खरोखर आपल्या हाती आहे काय?’ हा पहिला. लग्नाला जाऊन चार दिवसांत परत यावयाचे असेल, तर जे स्वस्त पडेल ते घ्यावे. बाळंतपण, आजारपण किंवा घरी वृद्ध मनुष्य मागे असेल, तर दोन एकेरी तिकिटे काढावीत, अथवा तारीख बदलता येईल असे एकत्र तिकीट थोडे अधिक देऊन घ्यावे. बदलाचे शुल्क किती आणि भाड्यातील फरक वेगळा भरावा लागेल काय, हे दोन्ही आधी विचारावे.

दोन एकेरी तिकिटांसही दोष आहेत. कंपनीने जाण्याचे विमान रद्द केले, तर एकत्र तिकिटात परतीची जबाबदारीही तिचीच असते. स्वतंत्र तिकिटांत दुसऱ्याची व्यवस्था आपली आपणच पाहावी लागते. तसेच अनेक देशांत पाहुण्याला परतीचे तिकीट दाखविण्यास सांगतात, आणि ते नसल्यास कंपनी येथूनच विमानात बसू देत नाही. तेव्हा परदेशी जाताना परतीचे तिकीट, मग ते वेगळे का असेना, हाती असलेले बरे.

आपल्या मंडळातील तरुणांनी रविवारी एक तास ज्ञातिगृहात बसून वडीलधाऱ्यांची तिकिटे, पैसे भरण्यापूर्वी, वाचून दाखवावीत अशी आमची विनंती आहे. अटींची अक्षरे बारीक असतात आणि आमचे चष्मे जुने झाले आहेत.

आपल्या रीतीस अनुसरून ‘येतो’ असे म्हणून आम्ही आपली रजा घेतो.