तारिणीवरील रात्रपाळी



आम्ही कन्हेरीचे. आमच्या मुलखात पाणी म्हणजे नीरेचा डावा कालवा. सागराविषयी आम्ही बोलावे हे धाडसच. पण रात्रपाळी आम्हांला कळते, आणि ही हकिकत रात्रपाळीचीच आहे.

नौदलाच्या दिलना के. आणि रूपा अळगिरीसामी या दोघी २ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘तारिणी’ घेऊन गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ ला परतल्या. नौका ५६ फुटांची, भिस्त सारी शिडांवर. याच नौकेवर २०१७-१८ साली सहा जणी होत्या. सहांचे काम दोघींवर. आम्हा युनियनवाल्यांच्या भाषेत ही कामवाढच!

जानेवारीत त्या पॅसिफिकमधील नेमो बिंदूवरून गेल्या. तेथून जवळची जमीन २,६८८ किलोमीटर दूर. कारखान्यात बदली कामगार तरी मिळतो. येथे एकीने जागावे तेव्हाच दुसरीने निजावे. मैत्री गोड बोलण्यावर टिकते असे म्हणणारे म्हणोत. शिणलेल्या सोबतिणीच्या हाती सुकाणू देऊन आपला डोळा लागतो का, हे आम्ही पाहू. मनात रुसवा असला तरी तिला वेळेवर निजू द्यावेच लागते.

हा भरवसा भर समुद्रात उपजला नाही. आधी तीन वर्षे सराव झाला. २०२४ च्या आरंभी मॉरिशसपर्यंत नौका दोघींनीच नेऊन पाहिली होती.