विदर्भाच्या योद्ध्यांची शस्त्रं

नागपूरला गेलात, तर १८६३ साली सुरू झालेला अजब बंगला, म्हणजेच मध्यवर्ती संग्रहालय, अवश्य पाहा. विदर्भाला योद्ध्यांची परंपरा फार जुनी आहे. नागपूरजवळच्या माहुरझरीत शिळावर्तुळांखालच्या दफनांत लोखंडी खंजीर, भाले आणि घोड्यांचे तांब्याचे अलंकार सापडले. काही दफनांत माणसासोबत घोडाही पुरलेला आढळला. पुढे अठराव्या शतकात ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब असलेले नागपूरचे पहिले रघुजी भोसले यांची तलवार आली. पातं युरोपी, म्हणून ती ‘फिरंग’. पात्याच्या पाठीवर मात्र देवनागरीत रघुजींचं नाव. २०२५ साली राज्य सरकारनं ती लंडनच्या लिलावातून मिळवली. हा आपला वारसा मुलांना आवर्जून दाखवा.