लंगोट कोण धुणार?

शेतावर असाल, चुलीपुढं असाल, नाहीतर बाळाला मांडीवर घेऊन बसला असाल, तुम्हा सगळ्यांना आमच्या बचत गटाचा रामराम.

आज आम्ही बोलणार आहोत तान्ह्या बाळाबद्दल आणि त्याच्यामागं घरातून निघणाऱ्या कचऱ्याबद्दल. म्हणाल, एवढुसं बाळ, त्याचा कसला आलाय कचरा! आम्हालाही असंच वाटायचं. पण दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, आम्ही गटाच्या बाया मिळून गावचा ओढा साफ करायला गेलो. आमचा भाग दुष्काळी. ओढ्यात पाणी आलं तर विहिरींना पाणी, म्हणून दरवर्षी आम्ही हे काम करतो. त्या वर्षी बाभळीच्या काट्यांत आणि मोरीच्या पाइपात अडकलेले फुगलेले डायपर निघाले. एक-दोन नव्हे, पाट्याच्या पाट्या भरल्या. काही कुत्र्यांनी फाडलेले होते आणि त्यातला पांढरा बुळबुळीत गोळा मातीत पसरला होता. पिण्याच्या पाण्याची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर!

त्या संध्याकाळी मीटिंगमध्ये चांगलंच वाजलं. जुन्या बायका म्हणाल्या, "आम्ही चार-चार लेकरं वाढवली, कधी असली घाण केली नाही. हल्लीच्या पोरींना हात हलवायला नको." सुना खाली मान घालून बसल्या होत्या. त्यातली एक, पाच महिन्यांच्या बाळाची आई, शेवटी बोलली. सासूकडं बघून म्हणाली, "आत्या, मी काय हौसेनं लावत नाही. दिवसाला वीस-पंचवीस लंगोट निघतात. पाणी हापशावरनं मीच आणायचं, भाकरी मीच थापायच्या, खुरपायला मीच जायचं. तुम्ही सांगता ते मला पटतंय. पण लंगोट धुणार कोण?"

मीटिंगमध्ये कोणी काही बोललं नाही. आम्हाला वाटतं, त्या दिवशी खरा प्रश्न तिनंच विचारला.

आधी डायपरची गोष्ट समजून घेऊ. डायपर दिसतो कापसासारखा, पण त्याची बाहेरची बाजू प्लास्टिकची असते. आत लाकडाच्या लगद्यासोबत एका रसायनाचे बारीक दाणे असतात. ते दाणे पाणी शोषून फुगतात, म्हणून बाळ वरून कोरडं वाटतं. हे प्लास्टिक आणि हे दाणे शेणखतासारखे कुजत नाहीत. उकिरड्यावर टाकले तर खताबरोबर शेतात जातात. जाळले तर प्लास्टिकचा विषारी धूर आपल्याच अंगणात, आपल्याच बाळाच्या नाकात. संडासात टाकले तर खड्डा तुंबतो आणि पाझर बंद होतो.

आम्ही हिशेब मांडला. दिवसाला सहा डायपर धरले तर महिन्याला 180. वर्षाला 2190. दोन वर्षांत एका बाळामागं चार हजारांच्या वर. आमच्या दुकानात सुटा डायपर दहा रुपयांना मिळतो, म्हणजे महिन्याला अठराशे रुपये. खुरपणीची मजुरी त्यातच गेली.

आणखी एक गोष्ट आम्हाला अंगणवाडीत कळली. आपण म्हणतो, बाळाची शी म्हणजे काय, दूधच तर पितंय, तिची घाण वाटत नाही. पण लहान मुलाच्या शीतूनसुद्धा मोठ्यांच्या शीइतकाच रोग पसरतो. जुलाब, कावीळ, जंत त्यातूनच येतात. म्हणून ती ओढ्यात, उकिरड्यावर किंवा परसात टाकायची नाही. संडासातच टाकायची. डायपर वापरलात तरी शी आधी संडासात झटकायची आणि मगच डायपर गुंडाळायचा. लंगोटालाही हाच नियम. आणि नंतर हात साबणानं धुवायचे, आईनंच नव्हे, ज्यानं कुणी बाळाला धुतलं त्यानं.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. त्या वर्षी गावात पाच घरी तान्ही बाळं होती. पाचही घरच्या सासवा, सुना आणि बाळांचे बाप यांना आम्ही एकत्र बसवलं. बापांना बोलावलं तेव्हा काहीजण हसले. आम्ही म्हटलं, बाळ दोघांचं, तर मीटिंगही दोघांची.

पहिलं काम लंगोट शिवण्याचं. घरोघरी जुनी धोतरं, मऊ झालेली सुती लुगडी, जुन्या चादरी असतात. जेवढं कापड जुनं तेवढं मऊ आणि तेवढंच जास्त ओल शोषणारं. आपल्याकडं नव्या बाळाला आधी कुणाचं तरी जुनं झबलं घालायची रीत आहे. ती रीत शहाणपणाची आहे, कारण धुऊन धुऊन कापडाचा रंग आणि खळ निघून गेलेली असते. गटातल्या दोघींकडं शिलाई मशीन आहे. एका बाळासाठी आम्ही तीस लंगोट शिवले. तिकोनी घडी, मध्ये दोन पदरी कापड, आणि पिनऐवजी कापडाचेच बंद. पिन उघडून टोचायची भीती नाही. शिवाय सहा दुपटी आणि रात्रीसाठी गोधडीचे चार जाड तुकडे. खर्च झाला तो फक्त दोऱ्याचा.

दुसरं काम धुण्याचं, आणि खरी कसोटी तिथंच होती. आम्ही तीन गोष्टी ठरवल्या.

एक, शी लगेच संडासात झटकायची आणि लंगोट झाकणाच्या बालदीत थोड्या पाण्यात भिजत टाकायचा. म्हणजे घासायला जोर लागत नाही. ते भिजवलेलं पाणीसुद्धा संडासातच ओतायचं, न्हाणीत किंवा उघड्या गटारात नाही.

दोन, दिवसातून एकदाच सगळे लंगोट साध्या साबणानं धुवायचे आणि दोनदा चांगले खळबळायचे. साबण राहिला तर बाळाच्या कातडीला खाज येते. शेवटच्या खळबळीचं पाणी फेकायचं नाही, ते दुसऱ्या दिवशीच्या भिजवणीला ठेवायचं. बाकीचं साबणाचं पाणी शोषखड्ड्यात. बाळाला जुलाब झाले असतील तर लंगोट उकळत्या पाण्यातून काढायचे. आणि वाळवायचे कडक उन्हात. ऊन आपल्याकडं फुकट आहे आणि त्यासारखं औषध नाही.

तीन, आणि ही गोष्ट आम्ही वहीत लिहून सह्या घेतल्या: धुणारी एकटी बाळंतीण नसणार. पाणी कोण आणणार, धुणार कोण, वाळत कोण घालणार, घड्या कोण घालणार, हे घरात बसून वाटून घ्यायचं.

एका घरात सासऱ्यांनी घड्या घालायचं काम घेतलं. म्हणाले, बसल्या बसल्या होतं. दुसऱ्या घरात बाळाचा बाप धुवायला तयार झाला, पण पहाटे अंधारात धुवायचा. गाव हसेल म्हणून! महिनाभर असं चाललं. मग एक दिवस उशीर झाला आणि तो उजेडी न्हाणीपाशी बसलेला दिसला. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय रे, काय धुतोस?" तो म्हणाला, "माझ्याच लेकाचे आहेत की!" त्यानंतर तो दिवसाच धुतो. कुणीही हसलेलं आम्ही ऐकलं नाही.

सगळं गोडगोड झालं असंही नाही. पावसाळ्यात लंगोट वाळेनात. तेव्हा दोन घरांनी रात्रीपुरता एक डायपर वापरला. एसटीनं माहेरी जाताना, दवाखान्यात नेतानाही डायपर लागतो. त्याला आम्ही दोष देत नाही. पण तो डायपर कागदात घट्ट गुंडाळायचा, वेगळ्या पिशवीत ठेवायचा आणि घंटागाडीला वेगळाच द्यायचा. केंद्र सरकारच्या घनकचरा नियमांमध्येही डायपर गुंडाळून वेगळे द्यायला सांगितलं आहे. तुमच्या गावात घंटागाडी येत नसेल तर ग्रामसभेत मागणी करा. आम्हीही अर्ज दिला आणि चार महिने पाठपुरावा केला, तेव्हा आठवड्यातून दोनदा गाडी सुरू झाली.

पाचातलं एक घर मात्र जमवू शकलं नाही. नवरा ऊसतोडीला गेलेला, घरात दुसरं कुणी नाही आणि आई मजुरीवर. तिला आम्ही लंगोटावर भाषण दिलं नाही. आळीपाळीनं तिचे लंगोट धुऊन दिले, जेवढे दिवस जमलं तेवढे दिवस. बाकी दिवस तिनं डायपर वापरले आणि नीट गुंडाळून गाडीला दिले. ज्या बाईच्या डोक्यावर आधीच दोन हंडे आहेत तिच्यावर पर्यावरणाचा तिसरा हंडा ठेवायचा नाही, हे आम्ही तिच्या घरी शिकलो.

हीच गोष्ट दुधाची. कचरा न करणारं अन्न कुठलं, तर आईचं दूध. त्याला डबा नाही, बाटली नाही, गॅस नाही, पाणी नाही. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घ्यावं, पहिलं पिवळसर चीक दूध पाजावंच, सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यावं, वरून पाणीसुद्धा नको, आणि पुढं इतर जेवणाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त दूध चालू ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात 1992 सालचा कायदा आहे. त्यानुसार दुधाच्या बाटलीची आणि तान्ह्या बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करायला बंदी आहे. डॉक्टरांनी कारण सांगून वरचं दूध द्यायला सांगितलं तर ते जरूर द्यावं, त्यात कमीपणा नाही. पण ते बाटलीऐवजी स्वच्छ उकळलेल्या वाटी-चमच्यानं द्यावं. बाटलीचं बूच आणि खाचा नीट धुतल्या जात नाहीत आणि जुलाब तिथूनच सुरू होतात.

पण इथंही तोच प्रश्न आहे. आईला अंगावर पाजायला वेळ कोण देणार? दर दोन-तीन तासांनी बाळ पाजायचं तर ती पहाटेपासून खुरपणीला कशी जाईल? तिच्या ताटात भाजी, डाळ, भाकरी पोटभर कोण वाढणार? बाळाला दूध पाजणं हे काम आहे, आराम नाही. घरानं तसं मानलं तरच ते होतं.

जुन्या बायकांनी आम्हाला खूप शिकवलं. लंगोट, बाळाला गुंडाळायची पद्धत, दुपट्याचा झोका. पण जुनं सगळंच सोनं नाही, हेही त्यांनी मान्य केलं. बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी ठेवतात. त्या धुरानं बाळाचा श्वास कोंडतो आणि बंद खोलीतल्या कोळशाच्या वायूनं जीवही जाऊ शकतो. डोळ्यांत काजळ घालू नये. त्यात शिसं असू शकतं आणि शिसं बाळाच्या मेंदूला घातक आहे. वर्षाच्या आत मध चाटवू नये. आमच्यातल्या एका आजीनं शेगडी स्वतः उचलून बाहेर ठेवली आणि खिडकी उघडली. म्हणाली, "ओढ्याची घाण काढता, मग खोलीतला धूर का ठेवायचा?"

आता आमच्या गावात एक नवी रीत पडली आहे. बारशाला प्लास्टिकची खेळणी आणि चकाकत्या कागदातले खोके नेण्याऐवजी गटातर्फे लंगोटांची पेटी नेतो. बाळ मोठं झालं की पेटी धुऊन, वाळवून परत येते, फाटलेले लंगोट दुरुस्त होतात आणि पुढच्या घरी जातात. पहिली पेटी आता तिसऱ्या बाळाकडं आहे. आणि पेटी देताना बाळाच्या बापाला, आजीला, आजोबांना सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचारतो: लंगोट कोण धुणार? त्यांनी उत्तर दिल्याशिवाय आम्ही पेटी खाली ठेवत नाही.

या वर्षी मे महिन्यात पुन्हा ओढ्यावर गेलो. डायपर निघाले, पण एका पाटीत मावले. अजून काम बाकी आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न नक्की घ्या. सुनांना आधी बोलू द्या, आणि बापांना बोलवायला विसरू नका. तुमच्या गावात काय ठरलं ते आम्हाला कळवा, आम्ही ते याच कार्यक्रमात सांगू. बाळांना आमचा आशीर्वाद. येतो आम्ही. नमस्कार.